नव्या हाताची सही

"सासऱ्यांची सही नव्यानं नोंदवून घे गं, नाहीतर ऐन वेळी मत बाद करतील," असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा सुनेच्या एका हातात दुधाची बाटली होती आणि कडेवर रडणारी मुलगी. "बघू हो," म्हणून तिनं विषय उडवून लावला.

आणि सासऱ्यांचं टपालानं पाठवलेलं मत खरंच बाद झालं. सही जुळत नाही म्हणे. जुळणार कशी? नोंदलेली सही धडधाकट हाताची, आणि पक्षाघातानंतर उजव्या हाताची मूठ उघडेना. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नाही.

आता पुढची निवडणूक तोंडावर आली होती, आणि आज निवडणूक कार्यालयात नवी सही नोंदवायचा शेवटचा दिवस.

"इथे दोनदा सही करा, आजोबा," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "दोन्ही सारख्या यायला हव्यात."

त्यांनी डाव्या हातानं जुनी वळणदार सही काढायला घेतली. एक डोंगर चढली, दुसरी दरीत कोसळली.

"अंगठा चालेल हो."

"अंगठा? गावभर अक्षरं काढली मी, आणि आता अंगठेबहाद्दर होऊ?"

"बाबा, जुनीच हवी असं कुठे म्हणतायत? जमेल तशी करा," ती म्हणाली.

"जमेल तशी म्हणजे? शेंबूड पुसल्यासारखी?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी घड्याळाकडे पाहत दुसरा कोरा अर्ज सरकवला. तिनं न राहवून सासऱ्यांचं मनगट धरलं.

"ताई, हात धरता येणार नाही."

तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मुलगी खांद्यावर चुळबुळली. आता हेही बिघडलं तर?

सासऱ्यांनी कोरा अर्ज पुढ्यात ओढला. मग शिडीवर उभं राहून पाटी रंगवताना हात हलू नये म्हणून एका मुठीवर दुसरं मनगट टेकवत, तशी त्यांनी आखडलेली मूठ कागदावर टेकवली आणि तिच्यावर डावं मनगट ठेवलं. पेन थरथरायचं थांबलं. वळणं नाहीत, आडनाव नाही. नुसतं नाव, एकेक अक्षर रंगवल्यासारखं. खाली पुन्हा तसंच.

बाईंनी दोन्ही सह्या निरखल्या आणि शिक्का मारला. "आता कायम हीच करायची हं."

"दुसरी येतेय कुणाला!" सासरे म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

तुमच्या घरात, नाहीतर वरच्या मजल्यावर, हात आखडलेलं कुणी असेलच. आज जाऊन त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवा आणि विचारा, सही अजून पहिल्यासारखी येते का हो?