आडव्या सीटवरून निपाणीला

कंग्राळीच्या राजाबाईंनी निपाणीला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. "मी कोपऱ्यात बसणार, सौम्याची ओटी भरणार आणि जेवून परत येणार. आक्काशी बोल म्हणून कुणी माझ्या मागं लागायचं न्हाय."

"न्हाय लागत," नागेंद्र म्हणाला. मामाच्या लेकीचं डोहाळजेवण, तिथं आईला नेणं भागच होतं.

आक्का म्हणजे अक्काताई, राजाबाईंची थोरली बहीण. तिला निपाणीतच दिलेली. भाऊ मारुतीराव तिथंच राहायचे. त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आक्कानं पुरणपोळ्या केल्या होत्या. व्याह्यांची पंगत बसलेली असताना राजाबाई बोलून गेल्या, "आक्काच्या पोळीत पुरण हुडकायला लागतंय." सगळी पंगत हसली. आक्कानं हातातली तुपाची वाटी खाली ठेवली आणि ती तडक आपल्या घरी गेली. तेव्हापासून दोघी लग्नाकार्यात समोरासमोर यायच्या, पण एकमेकींकडं बघायच्यासुद्धा नाहीत. आपण उगीच बोललो असं राजाबाईंना कैकदा वाटायचं. पण आधी तोंड कुणी उघडायचं, इथंच घोडं अडलेलं.

रविवारी सकाळी नागेंद्रनं गाडी काढली. जुनीच घेतलेली, पण त्याचा तिच्यावर फार जीव. मागच्या सीटवर सौम्याला बसवायच्या झोपाळ्याची सजावट होती: बांबूची मोठी चंद्रकोर, तिला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळा, शेजारी लाडवांचे डबे आणि फुलांची करंडी. राजाबाई पुढं बसल्या. आठवडाभर बटाट्याच्या काढणीत वाकून वाकून त्यांची पाठ धरली होती. वंटमुरीच्या घाटात गाडी आली तशी त्या म्हणाल्या, "नागेंद्र, ही सीट जरा मागं होती काय रं?"

नागेंद्रनं गाडी कडेला घेतली. "जरा कशाला, पाहिजे तेवढी होती. दाराच्या बाजूला खाली हात घाल. दांडी हाय बघ. ती वर वढायची, पाठीनं मागं रेटायचं आणि दांडी सोडून द्यायची."

राजाबाईंनी हात घातला, दांडी सापडली. ओलं गवत उपटताना लावतात तसा जोर लावून त्यांनी ती ओढली. आत कुठंतरी कट्ट वाजलं. दांडी हातात आली आणि सीटची पाठ त्यांना घेऊन धाडकन मागं गेली. मागची चंद्रकोर कलंडली आणि झेंडूच्या सगळ्या माळा त्यांच्या अंगावर पडल्या.

"लागलं काय?" नागेंद्र घाबरून म्हणाला.

"लागलं न्हाय," राजाबाई छताकडं बघत म्हणाल्या. "पर एवढी मागं नको हुती."

नागेंद्रनं उतरून पाठीखाली हात घातले, रेटलं, हिसडलं. सीट तसूभर हलेना. राजाबाईंनी वरची कडी धरून बिनटेक्याचं बसून पाहिलं, पण पहिल्याच वळणाला पाठीत चमक आली आणि त्या निमूट आडव्या झाल्या. "चल तसाच. हळू चालव म्हणजे झालं."

गाडी हळू निघाली. राजाबाईंना आता फक्त वरचं जग दिसत होतं. विजेच्या तारा, त्यांवर ओळीनं बसलेले पक्षी, ट्रकांच्या ताडपत्र्या, झाडांचे शेंडे. माहेरचा हा रस्ता किती वेळा केला, पण त्यावरच्या झाडांचे शेंडे त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या. पाठही मोकळी झाली होती. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटायला लागलं होतं.

टोलनाक्यावरच्या माणसानं आत डोकावून पाहिलं आणि तो गंभीर झाला. "अज्जीगे एनाग्यैति?" आजीला काय झालंय, त्यानं नागेंद्रला विचारलं.

"एनू आगिल्लप्पा, सीट मुरदैती," राजाबाईंनीच झोपल्या झोपल्या उत्तर दिलं. काही झालेलं नाही, सीट मोडलीय. तो दचकला आणि मग हसत हसत त्यानं गाडी सोडली.

पुढं ऊन तोंडावर यायला लागलं. राजाबाईंनी पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. माळा गोळा करून ठेवायला जागा नव्हती, म्हणून अंगावरच राहू दिल्या. संकेश्वर यायच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली.

निपाणीत मारुतीरावांच्या दारात गाडी थांबली. आई झोपलीय हे बघून नागेंद्र एकटाच उतरला आणि मांडवात जाऊन म्हणाला, "मामा, जरा हात लावाय या. आईला उतरून घ्यायचंय."

मारुतीराव पाण्याची घागर ठेवून येईपर्यंत अक्काताई गाडीपाशी पोचली होती. तिनं काचेतून आत पाहिलं. बहीण आडवी, तोंडावर पदर, अंगभर झेंडूची फुलं. दार उघडून ती तिथंच टेकली.

"राजे, असं कसं गं केलंस," ती रडत म्हणाली. "मी एवढी थोरली, मीच आधी बोलायला पायजे हुतं. माझ्या पोळीला जाड म्हण, पातळ म्हण, काय पायजे ते म्हण, पर डोळं उघड गं."

राजाबाईंना जाग आली ती या आवाजानं. पदराखाली क्षणभर त्यांना काही उमगेना. मग बहिणीचा हात हाताला लागला आणि सगळं उमगलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना राजे म्हणून हाक मारली होती.

"आक्का," त्या पदराआडून म्हणाल्या, "पोळी चांगलीच हुती. पुरण तेवढं कमी हुतं."

अक्काताईनं पदर बाजूला केला, डोळे उघडे असल्याची खात्री केली आणि खांद्यावर एक सणसणीत चापट दिली. मग दोघीही हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांतनं पाणी गळत राहिलं. मारुतीराव मागं उभे राहून बघत होते. कुणाला हात लावायचा, हे त्यांना कळेना.

राजाबाई त्या दिवशी कोपऱ्यात काही बसल्या नाहीत. दोघी बहिणींनी मिळून चंद्रकोर पुन्हा सजवली.

दुपारी स्टँडजवळचा यल्लाप्पा आला. गाड्यांच्या सीटा दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. सीटची बाजू उघडून तो नागेंद्रला म्हणाला, "आत ही दात्यांची चकती हाय बघा. दांडी वढली की खिट्टी दात्यातनं सुटती, सोडली की परत बसती. तुमची खिट्टी वाकडी होऊन रुतलीया." त्यानं खिट्टी सोडवून बदलली, तेल घातलं, दुसरी दांडी बसवली. सीट सुरळीत मागंपुढं व्हायला लागली.

पहिल्यांदा बसून बघितलं ते सौम्यानं. सातवा महिना, झोपाळ्यावर ताठ बसून कंबर आंबलेली. तिनं दांडी ओढली, मनासारखी रेलली आणि डोळे मिटून म्हणाली, "मला हितंच ताट आणून द्या." बायकांनी खरंच दिलं. उरलेले फोटो मग गाडीतच निघाले.

संध्याकाळी अक्काताई पिशवी भरून तयार होती. चार दिवस कंग्राळीला राहते म्हणाली. ती मागं बसली, राजाबाई पुढं. गाव सुटल्यावर राजाबाईंनी दांडी ओढून पाठ जराशी मागं घेतली.

"माझ्या गुडघ्याला लागतंय," मागून आवाज आला.

"मग सरक की तिकडं."

"तिकडं ऊन हाय. तूच पुढं घे."

"एवढी?"

"अजून एक दाता."

नागेंद्रनं आरसा नीट केला आणि गाडी घाटाकडं घेतली.