झाडातला उजेड

ओळखीचे लोक त्याला बगळा म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचंही. तळ्याकाठी कॅमेरा लावला की हा माणूस तीन-तीन तास हलायचा नाही. डास चावोत, पाय बधिर होवोत, गडी ढिम्म! पण हाच बगळा घरात शिरला की पायाला भिंगरी. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीपाशी, परत दाराशी. या आठवड्यात तर त्याने कहरच केला होता, कारण बायकोचा उजवा हात मोडला होता आणि त्याच्या फोटोंचं प्रदर्शन नऊ दिवसांवर आलं होतं.

हात मोडला तोही याच्याच पायी. फोटो छापायच्या डार्करूममध्ये ट्रेमधलं पाणी सांडलं याने, आणि 'पुसतो नंतर' म्हणून विसरलाही हाच. ती आत गेली आणि धाडकन आपटली.

"प्लास्टर किती दिवस?" त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"सहा आठवडे."

"एका आठवड्यात नाही भागणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काकू, काकांचा भारी जीव आहे हो तुमच्यावर."

काकू छताकडे बघत राहिल्या.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. बगळ्याचे फोटो सगळे काळे-पांढरे. रंगीत फोटोचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यातला गाजलेला एकच. तळ्यात बुडालेलं वठलेलं झाड, फांद्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि मागे धुकं. लोक म्हणत, झाडाच्या आतून उजेड येतो, हीच याची शैली! कुणी विचारलं की हा हनुवटी वर करून सांगायचा, "वाट पाहावी लागते." साफ खोटं! फिल्मवरून सरळ छापलं तर ते झाड म्हणजे कोळशाचा ठोकळा. छापताना यंत्रातून कागदावर उजेड पडतो, आणि जिथे तो कमी पडेल तिथे कागद उजळ राहतो. बायको त्या उजेडात हात धरायची, बोटांची सावली नेमकी झाडावर खेळवायची आणि झाड उजळायचं. सत्तावीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता.

प्रदर्शनवाल्या बाईंना तोच फोटो हवा होता, नवा छापलेला, चांगला हातभर मोठा. बगळ्याने एकट्याने चौदा कागद वाया घालवले. एकात झाड भुतासारखं पांढरं, दुसऱ्यात झाडाभोवती खडूने गिरवल्यासारखी कड. तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि पुन्हा त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"बसा हो एका जागी. गरगरायला लागलं मला."

"अंगठा हलतोय का गं? बोटं जरा हलवून बघ ना."

मग मात्र ती उखडली. "सकाळपासून पाचव्यांदा विचारताय! माझ्या हाताची काळजी आहे तुम्हाला, माझी नाही. चार दिवस मला धड कूस बदलता येत नाही, ते विचारलंत एकदा तरी?"

तो खाली बसला. खरोखर बसला. त्याला इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "भीती वाटते गं मला. तुझा हात नसेल तर मी कोण? तळ्यात उभा राहणारा एक येडा."

ती उठली. "चला आत. आणि आधी ती फरशी पुसा."

त्याने फरशी पुसली, दोनदा पुसली. लाल दिव्याखाली ती स्टुलावर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. त्याने यंत्राच्या उजेडात हात धरला.

"अहो, दगड आहे का हातात? हलवा!"

"हलवला तर बिघडेल."

"थांबवता म्हणून बिघडतंय. थांबला की कड उमटते. घरभर येरझारा घालता ना? त्याच आता हाताने घाला. तेवढं तरी येतं तुम्हाला."

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता हात सुटला, हलला. तिसऱ्या कागदावर ट्रेमध्ये आधी पाण्याची रेघ आली, मग पंख, मग हळूहळू झाडाची साल. ती वाकून बघत होती.

"डावीकडे जरा मळकट आलंय," ती म्हणाली. "पण झाड जिवंत आहे."

संध्याकाळी प्रदर्शनाचा फॉर्म भरायचा होता. दरवर्षी फॉर्म तीच भरायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. फोटो कोणी काढला, फोटो कोणी छापला, दोन्हींपुढे त्याचं नाव लिहायची आणि हा न वाचता सही ठोकायचा. यंदा पेन त्याच्या हातात होतं. पहिला रकाना भरला आणि दुसऱ्यापाशी तो अडला. यंदा तर स्वतःचं नाव खोटंही ठरलं नसतं, छापला होता त्यानेच. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, बसला. मग लिहायला लागला.

"काय लिहिताय एवढं?"

"तुझं नाव."

ती मागे येऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावरून वाकून तिने बघितलं, डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"पहिल्यांदाच लिहिताय," ती म्हणाली, "अक्षर तरी नीट काढा."