गार पाय

आमच्या मालकांचं काळीज ठणठणीत आहे, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं. थोरले दीर पिराजी झटक्यानं गेले, तेव्हापासून मालक दरवर्षी कोल्हापूरला जाऊन काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून यायचे. ती चांगली निघाली, की दवाखान्याच्या दारातच विडी पेटवायचे. मालक गुऱ्हाळावर गूळ बनवणारे गुळवे, आणि त्यांच्या रक्तात साखर होती. पण "गुळव्याला साखर असायचीच," म्हणून ती हसण्यावारी न्यायची. मी काही बोलले, की माझ्यावरच डाफरायचं.

गेल्या हंगामापासून चालताना त्यांची पोटरी धरायला लागली. गुऱ्हाळ घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी वाटेत थांबावं लागे. यंदा उजवा पाय गार पडायला लागला. आता गुळव्याचा पाय गार पडल्यावर तो काय करणार? रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवाणापुढं बसून शेकणार. रोज तेच. चटका बसतोय हे त्यांना कळायचंच नाही, उलट ऊब लागली म्हणून बरं वाटायचं.

परवा सकाळी मी पाहिलं, तर अंगठा काळानिळा आणि तळव्याला फुटलेला फोड.

"दुखतंय का?"

"न्हाय की."

एवढी जखम आणि दुखत नाही? ओरडून ओरडून मी त्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट कोल्हापूर गाठलं.

डॉक्टर अनुजा वयानं आमच्या लेकीएवढ्या, पण करारी. मालकांनी पट्टी पुढं केली. "काळीज बघा की. घोड्यागत हाय!"

"काका, एका जागच्या नसा चांगल्या म्हणजे सगळीकडच्या चांगल्या, असं नसतं," त्या म्हणाल्या. "बीपी वाढलं, की मेंदूच्या नसांना जास्त धोका. विडी आणि साखर एकत्र आल्या, की पायाच्या नसा आधी धरतात. तुम्ही दरवर्षी काळीज तपासलंत. पाय कुणी बघितला का?"

मालकांनी पट्टीची घडी करून खिशात घातली. इतकी वर्षं आम्ही भ्यायलो, तेही भलत्याच ठिकाणी.

डॉक्टरांनी नसेतलं रक्त ऐकायचं पेनासारखं एक यंत्र त्यांच्या पावलावर टेकवलं. नुसती खरखर. जागा बदलली. खरखरच.

"मशीन बिघडलंय तुमचं," मालक म्हणाले.

"मावशी, तुमचा पाय द्या."

नवऱ्याशेजारी खाटेवर भेगाळलेला पाय ठेवायची मला लाज वाटली. पण यंत्र टेकवताच सगळी खोली भरून आवाज आला. धप्, धप्, धप्. मालकांचा चेहरा उतरला.

"पायाची नस तुंबलीय. उद्या ती उघडायचा प्रयत्न करू," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "उघडली तर नुसता अंगठा जाऊन निभावेल. नाही उघडली, तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

त्या बाहेर गेल्या. मी पाय खाली घ्यायला लागले, तर लग्न झाल्यापासून माझ्या पायाला कधी हात न लावलेल्या माणसानं माझा घोटा गच्च धरला.

"ऱ्हाऊ दे गं जरा."

त्यांची बोटं माझ्या पावलावर ती धपधप चाचपत होती.

"गावतंय का?" शेवटी मी विचारलं.

"गावतंय," ते म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले.