चारीपलीकडचा फोटो

विश्वजीतचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तरी भिंतीवर लावायला त्याचा धड एक फोटो घरात नव्हता. असणार कसा? मोनालीशी त्यानं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा आनंदरावांनी पारावर, चार माणसांत सांगून टाकलं होतं, की पुन्हा तोंड दाखवू नकोस. आनंदरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पोरगा रांजणगावला कंपनीत राहिला, बापानं इकडे राहू गावात ऊस केला, आणि दोन वर्षांनी मोटारसायकलला ट्रक धडकला. अग्नी मात्र बापानंच दिला.

त्यानंतर मोनाली सासरी आली ती कायमचीच. म्हाताऱ्याची भाकरी ती करी आणि तो मुकाट खाई. आत मात्र एकच गोष्ट त्याला कुरतडत होती. आपण रागावलो, ठीक, बाप रागावतोच. पण दोन वर्षांत पोराला एकदाही आपली आठवण येऊ नये? माझ्यावर राग धरूनच गेला की काय?

त्या दिवशी मोनाली फोटो शोधायला विश्वजीतचा मोबाईल घेऊन बसली. काढलेला प्रत्येक फोटो कुठला, ते नकाशावर दिसायचं. रांजणगावावर फोटोंचा ढीग होता, शिरूरला थोडे. आणि खाली, भीमेच्या अलीकडे, राहूवर आणखी एक ढीग.

"आबा, हे आपलंच रान हाय," ती म्हणाली.

आनंदराव चष्मा पुसत सरकले. पाण्याच्या मोटारीपाशी वाकलेले आनंदराव, बांधावर बसलेले आनंदराव, बैलाला पाणी दाखवणारे आनंदराव. सगळे लांबून, बहुतेक पाठमोरे. आणि सगळे गुरुवारचे, म्हणजे कंपनीच्या सुट्टीचे. मोनालीला तो त्या दिवशी ओव्हरटाइम असल्याचं सांगून जायचा. तिनं पदर तोंडाला लावला.

शेवटच्या फोटोत तेवढे आनंदराव समोर बघत होते. उसाला टेकून, टोपी सारखी करून, छाती काढून उभे.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. उसाच्या नोंदीला साखर कारखान्याचा माणूस, चिटबॉय, येतो, मोबाईलवर रानाचा फोटो काढतो, आणि मालक उसापाशी उभा राहतो, ही हल्लीची रीतच. पाटाच्या चारीच्या पलीकडे हेल्मेट घातलेला गडी मोबाईल धरून उभा दिसला, तेव्हा तो चिटबॉयच, असं त्यांनी धरलं. त्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं. फोटो नीट काढ, माझी नोंद राहायला नको, असं त्यांनी वर ओरडून सांगितलं होतं. गड्यानं नीट काढला आणि बराच वेळ मोबाईल खाली घेतला नाही. पुढच्याच आठवड्यात अपघात झाला.

म्हाताऱ्यानं मोबाईल दोन्ही हातांत धरला. पोरानं राग धरला नव्हता. हे कळलं तसं त्यांना रडू फुटलं, आणि ते मोनालीसमोर लपवावंसंही वाटलं नाही.

"आबा, पाणी देऊ?" तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मी बी इचारलं हुतं त्याला. ऊन लई हाय, ये, पाणी पिऊन जा म्हणलं. मानेनंच नको म्हणला." त्यांनी चष्मा काढला. "प्यायचं तर हेल्मेट काढावं लागलं असतं. आन् मीच सांगितलं हुतं, तोंड दाखवू नगं म्हणून."