हणमंतप्पाची चूळ

लाँचच्या इंजिनपेटीचं कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. दगडोबा मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली आणि उगाचच मागं वळून पाहिलं. मागं माकणीच्या धरणाचं पाणी होतं आणि मच्छीमार संस्थेचा सचिव रणधीर उभा होता, बाकी कुणी नाही. तरी त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

"किल्ली मागून बघायची हुती की," तो म्हणाला.

"मागितली वो. करगोट्याला बांधून ठिवलीय अप्पानं. कुनी हात लावला की आरडतेत. बोलता तर येत न्हाय. मग काय करता?"

दगडोबानं तुटलेलं कुलूप आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकलं. भंगारात फेकवेना, एवढंच.

हणमंतप्पानं ही लाँच तीस वर्षं चालवली. जाळ्यांतली मासळी गोळा करायची, पल्याडच्या काठावरची माणसं आणायची, सगळं हिच्यावर. पाच महिन्यांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि लाँच काठाला बांधली गेली ती बांधलेलीच राहिली. आता संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं की सोमवारपर्यंत इंजिन चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारवाला गॅस-कटर घेऊन येईल. हे हणमंतप्पाला कळल्यापासून तो भाकरीला तोंड लावत नव्हता. त्याची बायको पार्वतम्मा स्वतः दगडोबाच्या दारात आली होती. "लाँच तोडली तर ह्ये माणूस ऱ्हात न्हाय," एवढंच ती बोलली.

दगडोबा 'हो' म्हणाला ते दयेपोटी, हे खरंच. पण जरा हौसेपोटीही. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची सगळी डिझेल इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. फक्त हे एक इंजिन त्याला बघायला मिळालं नव्हतं. चहा दोघं रोज बरोबर प्यायचे, पण पेटीचा विषय निघाला की हणमंतप्पा हसून म्हणायचा, "मिस्त्री, तुजं राज्य हिरीवर. पाण्यावर माजं." हे वाक्य दगडोबाला तीस वर्षं सलत होतं.

आता झाकण उघडलं आणि त्याला काही उमजेना.

इंजिन ठीक होतं. बिघाड होता धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी बेंडमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत. तो गंजून पापडासारखा झाला होता आणि त्याला बोटभर चीर पडली होती. इथपर्यंत सरळ मामला. पण त्या बेंडला अंगठ्याएवढं भोक होतं आणि इंजिन गार करून आलेल्या पाण्याची नळी त्या भोकात सोडलेली होती. म्हणजे पाणी थेट धुरात! आणि बेंडच्या पुढं, मागच्या फळीपर्यंत, धूर न्यायला चक्क रबरी पाइप.

"धुराला रबर?" दगडोबा स्वतःशीच म्हणाला. "अन् मग जळलं कसं न्हाय?"

रणधीरनं मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून दिला. त्यात इंजिन वेगळं, बोट वेगळी आणि माणूस बोलतो काय ते देवाला ठाऊक. या इंजिनाचं सामान बनायचंच बंद झालंय, हे रणधीरनं आधीच फोन करून विचारलं होतं. दगडोबा तासभर डोकं खाजवत बसला. धुरात पाणी आलं की इंजिन मेलं, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, फुटल्याशिवाय पाणी तिकडं जातच नाही. मग हळूहळू त्याच्या मनात एक गोड शंका आली. हणमंतप्पानंच कधीतरी चुकून ही नळी इथं जोडली असणार. आणि ती चूक झाकायला तीस वर्षं कुलूप!

संध्याकाळी गंजका बेंड पोत्यात घालून तो हणमंतप्पाकडं गेला. पोतं उघडल्याबरोबर हणमंतप्पाचा चेहरा उजळला. डाव्या हातानं त्यानं बेंडवरून हात फिरवला.

"अप्पा, ह्ये धुरात पानी तुमीच सोडलंय न्हवं?" दगडोबा हसू दाबत म्हणाला. "काळजी करू नगा, कुनाला सांगत न्हाय. नव्या बेंडला म्या भोकच ठिवत न्हाय. नळी भाईर काडून देतो."

हणमंतप्पा जोरजोरात मान हलवायला लागला. घशातून नुसताच आवाज. डाव्या हातानं त्यानं कोपऱ्यातल्या तांब्याकडं बोट केलं. पार्वतम्मानं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. त्यानं गाल फुगेपर्यंत पाणी भरून घेतलं, दगडोबाकडं रोखून पाहिलं, हनुवटी खाली केली आणि फुर्रकन सगळं पाणी त्याच्या अंगावर उडवलं.

"अय्यो शिवा!" पार्वतम्मा पदरानं दगडोबाचा सदरा पुसायला धावली. "गिळायचं जमंना वो त्येंना. मनावर घिऊ नगा भावजी."

पण हे ठसका लागलेल्या माणसाचे डोळे नव्हते. त्यानं मुद्दाम केलं होतं. आणि आता तो पुन्हा तांब्याकडं बोट करत होता.

दगडोबानं बेंड पोत्यात घातला आणि बाहेर पडला. त्याला फार वाईट वाटलं. तीस वर्षं कुलूप दाखवलं, ते सोसलं. मदतीला गेलो तर अंगावर थुंकला. रागात निदान पाय तरी जोरात पडावेत, पण तेही पडेनात. कारण माणूस आपला होता.

शनिवारी त्यानं ठरवल्याप्रमाणेच केलं. विहिरीच्या पंपाला लागतो तो अडीच इंची जीआय बेंड घेतला. जुन्या बेंडच्या तोंडाला ग्रीस फासून पुठ्ठ्यावर छाप घेतला, त्या मापाची जाड पट्टी लोहारा गावातून कापून आणली, भोकं पाडली, वेल्डिंग केलं. पाण्याची नळी बाजूनं बाहेर सोडली. काम देखणं झालं होतं. दुपारी काठावर वीस-पंचवीस माणसं जमली आणि इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. रणधीरनं टाळी वाजवली.

तीन मिनिटांनी वास आला.

"मिस्त्री, रबर जळायलंय!" कुणीतरी ओरडलं, आणि पाठोपाठ काळा धूर लाँचभर पसरला. दगडोबानं इंजिन बंद करेपर्यंत रबरी पाइप वितळून लोंबत होता.  माणसं एकेक करून निघून गेली. त्यापेक्षा हसली असती तर बरं झालं असतं.

"राहू द्या मामा," रणधीर हळूच म्हणाला. "तुमचा दोष न्हाय. म्या भंगारवाल्याला सांगतो."

"उद्याचा दिस हाय अजून," दगडोबा म्हणाला. पण उद्या काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. जे बरोबर होतं तेच तर त्यानं केलं होतं. बरोबर केल्यावर जळलं आणि चुकीचं होतं ते तीस वर्षं चाललं, याचा हिशेब त्याला लागेना.

रविवारी सकाळी तो गौरीशंकरच्या हॉटेलात बसला होता. समोरची हणमंतप्पाची खुर्ची पाच महिने रिकामी. विचारात त्यानं चहाचा कप तसाच तोंडाला लावला. चहा उकळता होता. जीभ भाजली. घाईनं त्यानं टेबलावरच्या जगमधलं पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं, बाहेर जाऊन चूळ टाकली.

आणि चूळ टाकता टाकताच तो थांबला.

तोंडातलं पाणी कोमट होऊन बाहेर आलं होतं. भाजल्याची आग कमी झाली होती. हणमंतप्पानं गाल फुगवले होते. मग फुंकर मारली होती, पाणी आणि वारा एकदमच. फुर्र.

"आयला!" दगडोबा म्हणाला. "थुकला न्हाय त्यो. सांगत हुता!"

धूर रबराला जाळतो, म्हणून धुराबरोबरच पाणी सोडायचं. तेच पाणी धूर गार करतं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. पाइप आतून सतत पाण्यानं भिजत असतो म्हणून तो रबराचा चालतो. विहिरीवरच्या इंजिनाला याची गरज नाही. तिथं धूर उघड्या आभाळात जातो, इथं माणसांच्या पायाखालून जातो. चहाचा कप तसाच ठेवून तो निघाला.

भोक पाडायची वेळ आली तेव्हा मात्र तो पुन्हा अडला. नव्या बेंडचं वळण जुन्यापेक्षा वेगळं, त्यामुळं जुन्या भोकाची जागा जशीच्या तशी चालेना. भोक बेंडच्या वर ठेवलं तर पाणी मागं इंजिनात उतरणार, म्हणजे खरोखरच इंजिन मरणार. त्यानं डोळे मिटले आणि हणमंतप्पाला आठवलं. हनुवटी खाली. पाणी घशाकडं जायला नको, ओठाकडं यायला पाहिजे. त्यानं बेंडच्या उतारावर, वळणाच्या खाली, तिरकं भोक पाडलं आणि तिथं नळी जोडली. जळक्या पाइपाच्या जागी ट्रकच्या रेडिएटरचा जाड रबरी होस घातला, दोन्हीकडं दोन-दोन पट्ट्या आवळल्या.

सोमवारी लाँच सुटली. पल्याडच्या काठाला जाऊन परत आली. मागच्या फळीतून सारखी फुर्र फुर्र करत धूर आणि पाणी बाहेर पडत होतं, आणि होसाला हात लावला तर तो नुसता कोमट लागत होता. भंगारवाल्याचा टेम्पो आला तसा रिकामा गेला.

चौघांनी उचलून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत हणमंतप्पा काठावर बसला होता. लाँचपेक्षा तो तिच्या आवाजाकडं बघत होता म्हणा ना. दगडोबा उतरून त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याला बरंच बोलायचं होतं.

"अप्पा, तुमची चूळ कळायला मला दोन दिस लागले," तो म्हणाला. "राज्य तुमचंच हाय."

 हणमंतप्पाचा डावा हात कमरेकडं गेला आणि करगोटा ओढायला लागला. पार्वतम्माला वाटलं, त्याला लघवीला जायचंय. ती उठवायला गेली तर त्यानं तिला ढकललं. झटका दिला, दोरा तुटला. त्यानं दगडोबाची मूठ उघडून तिच्यात किल्ली ठेवली आणि मूठ मिटवली.

 कुलूप दगडोबाच्या पिशवीत होतं, दोन तुकड्यांत.

"बरं झालं दिलीत," तो म्हणाला. "हिच्याबिगर लई अडत हुतं."

बेंड बघितला तेव्हाच कुलूप तुटल्याचं हणमंतप्पाला उमगलं असणार. तरी त्यानं हातानं लाँचकडं खूण केली. जा, उघड.

दगडोबा पुन्हा लाँचवर चढला. काठाकडं पाठ करून पेटीपुढं गुडघे टेकून बसला. पिशवीतून कुलपाचे तुकडे काढले, एकमेकांना लावून एका हातानं कडीशी धरले.

"मामा, ह्ये काय करायलाव?" रणधीरनं विचारलं.

दगडोबानं मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं. मग किल्ली घातली, काठावरून कोपर हलताना दिसेल अशी सावकाश फिरवली, आणि त्यानंतरच झाकण उचललं.