पोहून आलेली गाडी

माणूस खोटं बोलेल, पण यंत्र कधी खोटं सांगत नाही, यावर भावोजींची श्रद्धा होती. त्यांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा टाकी कोरडी पडली तरी अर्ध्यावरच असायचा, ही गोष्ट वेगळी.

मेहुण्याने आठवडाभर नेलेली गाडी परत आली ती बिघडून. गिअर बदलताना विचारात पडायची, मग दचकून पुढे सरकायची. भावोजींनी गिअरबॉक्समधली तेल तपासायची दांडी उपसून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल हवं लालभडक, नितळ. निघालं गुलाबी, फेसाळ, दूध घातल्यासारखं.

"पाणी शिरलंय. तुझ्या भावाने गाडी पाण्यात घातली."

"अहो, तो अंघोळीचा कंटाळा करतो," बायको म्हणाली.

"कबूल करेपर्यंत त्याने या घराची पायरी चढायची नाही."

तिला एकच भाऊ. तिने त्याची नेहमीची खुर्ची भिंतीशी सरकवली आणि तिच्याकडे पाठ करून जेवू लागली.

शेवटी मेहुणा आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "घातली, भावोजी. चांदणं होतं, तळं रस्त्यासारखंच दिसत होतं. दिव्यांच्या उजेडात मासे काचेशी येऊन बघत होते. मग चाकं तळाला टेकेनात, आणि अलगद..."

"तरंगली?"

"बदकासारखी."

रागवायचं राहूनच गेलं. भावोजींनी खुर्ची स्वतः टेबलाशी ओढली. दुपारच्या झोपेत त्यांना दिसलं, गल्ली खिडक्यांपर्यंत गुलाबी पाण्याने भरलीय, आणि ते स्वतः स्टिअरिंगवर एक बोट ठेवून जुन्या ऑफिसावरून वाहत चाललेत. आत साहेबाच्या खुर्चीत एक मासा सही करत होता. गिअर लोण्यासारखा पडला.

जागे झाल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "आमची गाडी पोहते."

मेहुण्याला घेऊन ते गॅरेजात गेले. मेकॅनिकने रेडिएटरच्या झाकणाखाली बोट घातलं. बोटाला तेल लागलं.

"गिअरचं तेल थंड व्हायला या रेडिएटरमधल्या नळीतून फिरतं. नळी आतून फुटलीय. यातलंच पाणी गिअरबॉक्समध्ये जातंय."

"पण तळं?"

"कुठलं तळं? पायाखालचा गालिचा कोरडा ठणठणीत आहे."

भावोजींनी मेहुण्याकडे पाहिलं.

"नाही म्हटलं असतं तर पटलं असतं तुम्हाला?" मेहुणा म्हणाला. "ताई फोनवर रडत होती."

"मग नेली होतीस कुठे?"

दाताच्या डॉक्टरकडे. दोनदा, डांबरी रस्त्याने.