कार्डावरच्या सहा माद्या

हे एकोणीसशे त्र्याहत्तर सालचं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि औषधांच्या एका प्रयोगशाळेत उंदीरघराची अघोषित मालकीण होते. अघोषित अशासाठी, की प्रमुखाची खुर्ची वर्षभर रिकामी होती आणि ती माझीच, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. बारा वर्षं पांढऱ्या उंदरांची बाळंतपणं काढली होती, दुसऱ्या कुणाची असणार?

उंदीरघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन लांब खोल्या. भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पिंजरे, पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा. सकाळी दार उघडलं की नुसत्या वासावरून मी सांगायची, कुठल्या रांगेत गर्दी झाली आहे ते. उंदरांची निम्मी दुखणी गर्दीची. पिल्लं एकवीस दिवसांची झाली की आईपासून काढायची, नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. त्यात हयगय झाली की पुढची वीण येऊन पडते, मोठी पिल्लं धाकट्यांना तुडवतात, शेपट्या कुरतडल्या जातात, भुसा दुपारपर्यंत ओला गच्च. दीडशे पिंजऱ्यांच्या तारखा मी डोक्यात ठेवत होते.

डोकं दीडशेला पुरलं. पिंजरे अडीचशे झाले तेव्हा पुरलं नाही. तारखा चुकल्या, दाटी झाली आणि दोन मोठे प्रयोग वाया गेले. प्रयोगशाळेचे साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी जाहिरात दिली आणि एक पदवीधर मुलगी नेमली. ती नेमकी माझी धाकटी जाऊ. वय सत्तावीस, लग्नाला दोन वर्षं, आवाज गोड. सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "आमची धाकटी प्रयोगशाळेत आहे हो." मी बारा वर्षं कुठे होते कोण जाणे.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "वहिनी, या बहात्तर नंबरच्या पिल्लांची तारीख काय?"

"बुधवार."

"कुठला बुधवार?"

"अगं, बुधवार म्हणजे बुधवार! नवऱ्याला पण असे उलटे प्रश्न विचारतेस का?"

"त्यांना तर वारही आठवत नाही," ती हसून म्हणाली. "डोक्यात नका ठेवू वहिनी. कार्डावर ठेवू या."

आणि तिनं प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड लावलं. जन्म कधी, पिल्लं किती, वेगळी कधी करायची, नर की माद्या. पिंजऱ्याचा तळ पट्टीनं मोजला आणि किती वजनाचे किती उंदीर मावतात त्याचा तक्ता दारावर चिकटवला. पिंजरे धुणाऱ्याला आम्ही शिट्टी म्हणायचो, कारण तो सदा शीळ घालत असे. तो म्हणाला, "मोठ्या बाई, उंदरांना ओळखपत्रं मिळाली. आपल्यालाच नाहीत अजून."

मी हसले नाही. कारण चार महिन्यांत एकही शेपटी कुरतडली गेली नव्हती. तक्ता बरोबर होता. मला तो फाडावासा वाटायचा.

मग साहेबांनी तिला नऊ आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं. मला म्हणाले, "ती परत आली की प्रमुखाच्या जागेचं बघू." 'बघू' म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. मला काय ते समजलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती घाईत होती. एकवीस दिवसांची पिल्लं ती उचलायची, शेपटी वर करून पाहायची आणि वेगळी ठेवायची. त्या वयात नर आणि मादी ओळखायची ती शेपटीखालच्या दोन छिद्रांमधल्या एवढ्याशा अंतरावरून, नवख्या माणसाचा गोंधळ व्हायचाच. सतरा नंबरच्या पिंजऱ्यात तिनं सहा पिल्लं सोडली आणि कार्डावर लिहिलं: माद्या, सहा.

त्यातला एक नर होता. मला दोन हातांवरून दिसलं.

"वहिनी, जरा नजर टाकता का?" तिनं विचारलं.

"टाकली," मी म्हणाले. "ठीक आहे सगळं."

यात काय होणार ते मला पुरतं ठाऊक होतं. सात-आठ आठवड्यांचा झाला की तो नर वयात येणार, पाचही जणींना दिवस जाणार. ती नऊ आठवड्यांनी, सोमवारी परत येणार, साहेब तिच्याबरोबर फेरी मारणार आणि पाच पोटुशा माद्या आणि एक नर त्यांच्या समोर येणार. मग मी काय बोलायचं तेही मी पाठ करून ठेवलं होतं: 'कार्डावर माद्या लिहिलं होतं साहेब. मी कार्डावर विश्वास ठेवला.' भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी ते वाक्य मनात घोळवत असे. शब्द असे बसवले होते की ते उद्धट वाटू नयेत.

नऊ आठवडे तो पिंजरा मी सगळ्यांत खाली, कोपऱ्यात ठेवला. नर मोठा झाला तेव्हा तो नर आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं, म्हणून त्याचा भुसा मी शिट्टीला बदलू दिला नाही. "तुमची फारच माया दिसते सतरावर," तो म्हणाला. पोटं वाढली तेव्हा मी बोटानं चाचपून पाहिलं. अजून चार दिवस आहेत, असा माझा अंदाज होता.

बारा वर्षांत माझा अंदाज चुकला नव्हता. या वेळी चुकला. शनिवारी दुपारी आम्ही कुलूप लावलं आणि सोमवारी सकाळी उघडलं, तेव्हा पाचही जणी व्यायल्या होत्या. सहा उंदरांच्या जागेत बावन्न जीव. भुसा चिखलासारखा झालेला. आया एकमेकींच्या तोंडातून पिल्लं ओढत होत्या, वरची खालच्यांना चिरडत होती. काही अर्धवट खाल्लेली. मी खाली बसले आणि हातानं ती एकेक काढू लागले. जिवंत एकोणीस निघाली.

"मोठ्या बाई," शिट्टी म्हणाला, "तुम्हाला हे दिसलं नाही?"

तेवढ्यात साहेब आणि धाकटी आत आले. तिनं पिंजरा पाहिला, कार्ड पाहिलं, नर उचलून पाहिला. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे कसं झालं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच बोलली. "चूक माझी आहे साहेब. मी कार्डावर माद्या लिहिलं. वहिनींनी कार्डावर विश्वास ठेवला. मीच त्यांना तसं सांगितलं होतं."

माझं वाक्य! नऊ आठवडे घोटलेलं माझं वाक्य तिनं माझ्यासाठी, माझ्यादेखत बोलून टाकलं, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून. साहेब तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कौतुक होतं. गप्प राहिले असते तर खुर्ची बहुधा मला मिळाली असती. पण मला ते सहन होईना. हुशारी हिची, पदवी हिची, सासूबाई हिच्या, आणि आता चांगुलपणाही हिच्याच नावावर?

"ती काय सांगते आहे?" मी म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो नर मी पाहिला होता. मी मुद्दाम बोलले नाही."

लोक याला प्रामाणिकपणा म्हणतील. तो प्रामाणिकपणा नव्हता.

धाकटीनं हातातला नर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, वहिनी." एवढंच. घरी तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही, पण माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलली.

महिन्याभरात तिला प्रमुख केलं. मला काढून टाका असं साहेब म्हणत होते, तिनं अडवलं. मी तेवीस वर्षं तिच्या हाताखाली काम केलं. पिल्लं वेगळी करताना शेवटची नजर माझीच असली पाहिजे, असा नियम तिनं कार्डावर छापून घेतला, आणि मी पुन्हा कधी खोटं बोलले नाही. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, पुढे त्यांची काही खबर लागली नाही. शिट्टीनं दात गेल्यावर शीळ सोडली, नाव मात्र तेच राहिलं. सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या आणि शेवटची तीन वर्षं मला धाकटीच्या नावानं हाक मारत होत्या. मी ओ देत असे. माझे यजमान आणि दीर एकाच वर्षी गेले. त्यानंतर आम्ही दोघी जावा सोबत राहू लागलो. संध्याकाळी गॅलरीत बसायचो आणि ती मला जुन्या तारखा विचारायची. मी बुधवार म्हणायची.

मागच्या वर्षी ती गेली. माझ्याहून सात वर्षांनी लहान, तरी माझ्या आधी. तिथेही पुढेच.